उजवा डोळा झाकल्यावर

भिंगरी दुसऱ्याच बाईचा हात धरून चालली होती.

बसच्या थांब्यावर तशी गर्दी नव्हती. दवाखान्यातून निघताना मलमाची नळी हातातच राहिली होती, ती पर्समध्ये टाकावी म्हणून भिंगरीच्या आईनं तिचा हात जरा सोडला. पर्सची चेन अडकली. हिसका देऊन ती उघडली, नळी आत कोंबली आणि सवयीनं हात खाली करून बोटं उघडली. त्या बोटांत कोणाची बोटं आलीच नाहीत. मान वर केली, तर फुटपाथच्या पार त्या टोकाला, फुलांच्या दुकानापाशी, एका पिवळ्या कोटातल्या बाईच्या हाताला धरून आपली पाच वर्षांची मुलगी तुरुतुरु चालली आहे, नेहमीसारखी अखंड बोलते आहे, आणि ती बाई भांबावून मागेपुढे बघते आहे. आई धावली. धावताना तिच्या मनात भीती नव्हती, हे तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. राग होता. लोकांपुढे आपली फजिती झाल्याचा राग.

"तुमची का ही?" ती बाई हसत म्हणाली. "माझा हात धरला आणि सांगायला लागली, डॉक्टरांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतो म्हणून."

तीही हसली. चारचौघांत हसावं तसं. मग बाई गेल्यावर तिनं भिंगरीला दंडाला धरून गदकन ओढलं आणि म्हणाली, "डोळे फुटले का गं तुझे? स्वतःची आई ओळखता येत नाही?"

भिंगरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. रांजणवाडी होऊन पापणी इतकी सुजली होती, की डोळा मिटूनच गेला होता. डॉक्टरांनी मलम घालून, वर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली होती. आजचा दिवस राहू द्या, म्हणाले होते. डावा डोळा मोकळा होता. टपोरा, स्वच्छ, तपकिरी डोळा. त्या डोळ्यानं भिंगरी आईकडे बघत होती. पण नजर आईच्या तोंडावर नव्हती. ती जरा खाली, तिच्याही पिवळ्याच असलेल्या कोटाच्या वरच्या बटणाच्या आसपास कुठंतरी येऊन थांबली होती.

"तू पिवळी होतीस ना," भिंगरी म्हणाली. "मी पिवळीचा हात धरला."

बस आली. बसायला जागाही मिळाली. भिंगरी खिडकीशी बसून काचेवर बोटानं काहीबाही काढत होती. तिच्या त्या वाक्यात काहीतरी खुपत होतं. खडा लागावा तसं. पायात लागला की तोंडात, ते कळत नव्हतं. तिनं भिंगरीपुढे तीन बोटं धरली. अगदी सहज, खेळ म्हणून. "किती?" भिंगरीनं लगेच हात पुढे केला, आईची बोटं एकेक करून चाचपली आणि खुशीत म्हणाली, "तीन!"

"हात न लावता सांग."

"हात न लावता कसं सांगायचं?"

हे तिनं इतक्या सरळपणे विचारलं, की समोरच्या सीटवरचा म्हातारा गालात हसला. ती मात्र हसू शकली नाही. तिनं बोटं लांब नेली, जवळ आणली. भिंगरी अंदाज करू लागली. दोन. पाच. नाही, चार. मग कंटाळून म्हणाली, "हा डोळा नुसता असाच असतो गं. तो बघायचा नसतो." आणि पुन्हा काचेकडे वळली. बस एका चौकात थांबली, सुटली. माणसं चढली, उतरली. तिला वाटलं, आपण एका खोलीत वर्षानुवर्षं राहतो आहोत आणि तिथं आणखी एक दार होतं, हे आज कोणीतरी आपल्याला सांगतं आहे. दारही कसलं? ते तर रोज समोरच होतं. आपण त्यावर कपडे अडकवत होतो.

कारण दिसलं नव्हतं असं नाही. सगळं दिसलं होतं. भिंगरी जिना उतरायची तेव्हा प्रत्येक पायरीवर पाऊल आधी हवेत जरा फिरवायची, गार पाण्यात उतरावं तशी, आणि मग टेकवायची. तेव्हा आपण खाली दारात उभ्या राहून चपला आपटत होतो, "चल गं बाई, मिरवणूक निघाली का तुझी?" तिचे बाबा चेंडू टाकायचे, तो तिच्या ओंजळीत न पडता छातीवर आदळायचा, मग ती हात मिटायची, आणि तिघंही खो खो हसायची. भिंगरीही हसायची, कारण सगळे हसत होते. मणी ओवायला दिले की तिचं पोट दुखायचं. चित्रांचं पुस्तक उजवीकडे ओढून धरायची. आपण ते मधे आणायचो, ती पुन्हा उजवीकडे सरकवायची, आणि या ओढाओढीला आपण हट्ट असं नाव दिलं होतं. नावं तर कितीतरी दिली होती. वेंधळी. धांदरट. आंधळी कोशिंबीर. लहान मूल सांडतं, धडपडतं, हे जगाला माहीत आहे. पण आपली मुलगी नेहमी तसंच सांडत होती. भांड्याच्या त्याच बाजूला. ही गोष्ट रोज फडकं मारणाऱ्या बाईच्या ध्यानात यायला नको होती?

आणि ते दूध. तो दिवस आठवू नये म्हणून तिनं बसमध्ये डोळे मिटले, तर तो जास्तच स्वच्छ आठवला. सकाळची घाई होती. भिंगरीनं दुधाचा भरलेला ग्लास दोन्ही हातांनी सांभाळत, जीभ बाहेर काढून, मोठ्या जबाबदारीनं टेबलापर्यंत आणला आणि ठेवला. टेबलाच्या अलीकडे. नुसत्या हवेत. जिथं काहीच नव्हतं तिथं ग्लास ठेवून तिनं समाधानानं हात काढून घेतले. फुटलेल्या काचांमध्ये, दुधात उभी राहून ती म्हणाली, "टेबल हललं." तेव्हा तिनं तिला एक चापट मारली होती. सांडल्याबद्दल नाही. सांडलं तर सांडलं, ती काही इतकी वाईट आई नव्हती. खोटं बोलल्याबद्दल मारली होती. भिंगरी रडत रडत पुन्हा म्हणाली, "खरंच हललं," म्हणून मग दुसरी मारली.

घरी पोचल्यावर तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, सूज उतरली होती, भिंगरीचा उजवा डोळा उघडला आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. भिंगरीनं आईच्या तोंडाकडे बघितलं, नेमकं तोंडाकडे, आणि म्हणाली, "तुझ्या हनुवटीला टूथपेस्ट लागलीय." तेव्हा क्षणभर असंही वाटून गेलं, की चला, सगळं ठीक आहे, मलमानं डोळे चिकटले असतील. या वाटण्यात ती पूर्ण एक दिवस राहिली. कामावर गेली. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे, वरचा जबडा आणि खालचा, आणि तिनं मेणात एकेक दात बसवत जायचं. ज्यांची तोंडं तिनं कधी पाहिली नव्हती, त्यांच्यासाठी. भिंगरी सगळ्यांना सांगायची, माझी आई दात करते, आणि ऐकणारे आधी आपलेच दात झाकायचे. जबडे एकमेकांवर मिटले की कुठला दात केसभर उंच आहे, हे तिला नुसत्या नजरेनं कळायचं. त्या दिवशी तिनं एक कवळी पुन्हा पुन्हा मिटून उघडली. शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, ती बोलायला लागेल आता. काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही." मग साचा बाजूला ठेवला, बाहेर जिन्यात गेली आणि डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला.

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. खोलीत एक कापडी जिराफ होता, त्याच्या डोळ्यावरही कोणीतरी पट्टी लावून ठेवली होती. समोरच्या भिंतीवर चित्रं उजळत होती, आधी मोठी, मग लहान. घर, सफरचंद, छत्री. डावा डोळा झाकला तेव्हा भिंगरीनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड सांगितलं आणि वर मान करून शाबासकी वसूल केली. मग डॉक्टरनं उजवा डोळा झाकला.

"आता सांग बघू. काय आहे तिथं?"

भिंगरीनं मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग खुर्चीत पुढे सरकली. "तिथं भिंत आहे," ती म्हणाली.

"भिंतीवर काय आहे?"

"तुम्ही लाइट लावलाय."

डॉक्टरनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. अख्ख्या भिंतीभर घर झालं. तेव्हा भिंगरी म्हणाली, "घर असेल." आणि आईकडे वळून हळूच विचारलं, "बरोबर आहे का?" आईचा चेहरा खोलीच्या कोपऱ्यातल्या अंधारात होता. बरोबर आहे की नाही, ते भिंगरीला तिथून कळणार नव्हतं. तरी ती बघत राहिली.

नंतर थेंब घालून, यंत्रातून पाहून डॉक्टरनं समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासूनच मोठा असावा, उजव्याचा नाही. मेंदूकडे एक चित्र स्वच्छ जात होतं आणि एक पुसट. मेंदूनं पुसट चित्र घेणं सोडून दिलं. डोळा तसा धड आहे, त्याला रोग नाही, पण त्याला बघायची सवयच लागली नाही. आळशी डोळा म्हणतात याला. "मूल स्वतः कधी सांगत नाही," डॉक्टर म्हणाली. "त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. आणि एक डोळा चांगला असला की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. तुमचा यात दोष नाही."

हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणत असणार. जाताना दार लोटून घ्या म्हणतात तसं. "आधी आणलं असतं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं यंत्र बाजूला सारलं. "आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं. आता मेहनत पडेल. पण वेळ गेलेली नाही. चष्मा लावायचा, आणि रोज काही तास चांगला डोळा झाकून ठेवायचा. मग दुसऱ्याला काम करावंच लागतं."

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की दिवसभरात कोण कुठं अडकलं याच्या गमती सांगायचा. त्या दिवशी त्याची गंमत अर्धीच राहिली. तिनं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून त्यानं एक डोळा हातानं झाकला, छताच्या दिव्याकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला. "माझे दोन्ही बरोबर आहेत," तो म्हणाला. हे तो इतक्या निराश आवाजात म्हणाला, की तिला त्याचा हेवा वाटला. त्यानं निदान शोधून तरी पाहिलं होतं, आपल्याकडे काही निघतं का. तिला शोधावं लागत नव्हतं.

कारण तिला सांगितलं होतं. एका माणसानं स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मागच्या वर्षी सासूबाई राहायला आल्या होत्या. बाईंची जीभ कधी स्वस्थ नसायची. पडदे फार जाड आहेत, सूप पांचट आहे, मुलीचे केस डोळ्यांवर येतात, तू फार उभ्यानं काम करतेस. दिवसभर नळ गळत राहावा तसं. त्या गळतीतच एका दुपारी त्या म्हणाल्या, "अगं, ही टीव्ही बघताना मान तिरकी धरते. एकाच बाजूला. दाखवून आण कुणाला तरी." आणि ती, हातातलं भांडं ठेवून, म्हणाली होती, "तुम्हाला माझ्या मुलीत खोटच दिसायची." तो टोमणा तिनं पडद्यांबद्दल, सुपाबद्दल, सगळ्या दुपारभरासाठी साठवून ठेवला होता आणि नेमका तिथं वापरला. उरलेले दिवस त्यांनी भिंगरीबद्दल एक शब्दही काढला नाही. आणि तिला वाटलं होतं, जिंकलो. त्या संध्याकाळी भिंगरी टीव्हीपुढे मान वळवून बसली होती, तेव्हा तिनं मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर सासूबाईंचं खरं झालं असतं.

आता त्या लेकीकडे राहत होत्या. फोन करायला तिनं कितीतरी वेळ लावला. कपडे वाळत घातले, वाळले नसतानाच काढले. शेवटी लावला. सांगताना तिनं सगळं एका दमात सांगितलं आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं नव्हतं? या तीन शब्दांची. ते ऐकायला ती तयार होऊन बसली होती. खरं म्हणजे ते तिला हवेच होते.

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "मी एकदाच बोलले गं. आणि तुझ्या शब्दाचा राग धरून गप्प बसले. माझा मान मोठा झाला, पोरीच्या डोळ्यापेक्षा." आणि त्या रडायला लागल्या. म्हणजे तेही गेलं. जे तिचं एकटीचं होतं, त्यातला वाटा मागायला आणखी कोणी आलं. "आई, रडू नका," ती म्हणाली. एरवी त्यांना आई म्हणताना ती अडखळायची. आज अडखळली नाही. पण त्यानं बरं वाटलं, असंही झालं नाही.

मग पट्ट्या सुरू झाल्या. कातडीच्या रंगाच्या, अंडाकार, चांगल्या म्हणजे उजव्या डोळ्यावर चिकटवायच्या. भिंगरी त्यांना झाकण म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं आईच्या मनगटाला चावा घेतला. "काळोख नको, काळोख नको," म्हणत ती खोलीभर पळाली, आणि झाकण लागल्यावर एकदम गप्प झाली. रडण्यापेक्षा ते गप्प होणं वाईट होतं. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरापर्यंत गेली, टेबलाची कड शोधली, खुर्ची शोधली, आणि बसून राहिली, दुसऱ्याच्या घरी पाहुणी आलेल्या मुलीसारखी. रोज सकाळी हे करायचं. पोटच्या मुलीला दिसतं आहे ते आपल्या हातानं बंद करायचं आणि वर म्हणायचं, शाबास. नवरा एकदा म्हणाला, "आज राहू दे, रविवार आहे," तेव्हा ती त्याच्यावर अशी काही ओरडली, की तोच बिचारा बाहेर निघून गेला. तिला वाटायचं, आपण औषध देत नाही, दंड वसूल करतो आहोत. फक्त दंड ठोठावला एकीला आणि भरते आहे दुसरी.

पण भिंगरी भरत गेली. मुलं भरतात. झाकण लावून ती रंगाचे खडू ओळखू लागली. मग चमचे आणि काटे वेगळे करू लागली. चष्म्याला तिनं निळी दोरी लावून घेतली. बाबांनी तिच्यासाठी एक मोठा लाल चेंडू आणला आणि हसणं बंद ठेवून तो हळू टाकायला शिकले. दवाखान्याच्या भिंतीवर आधी घर दिसलं, मग सफरचंद. छत्रीला फार दिवस लागले. वर्ष सरता सरता डॉक्टर म्हणाली, "छान. उजव्याच्या बरोबरीला हा येईल असं मी म्हणणार नाही. पण कामाचा डोळा झालाय. अजून लावत राहा." बाहेर आल्यावर नवऱ्यानं भिंगरीला खांद्यावर घेतलं. ती मागून चालली. कामाचा डोळा, ती मनात म्हणत होती. म्हणजे जो काही थोडा उणा राहिला, तो तेवढाच, जेवढी मी उशिरा आले.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी भिंगरी म्हणाली, "आज मी माझं मी लावणार." न्हाणीघरात स्टुलावर चढून, आरशासमोर तिनं बराच वेळ खुडबुड केली. बाहेर आली तेव्हा चष्म्याखाली झाकण व्यवस्थित बसलं होतं, कडा नखानं दाबलेल्या होत्या. डाव्या डोळ्यावर.

आई टेबलाशी शर्टाचं बटण लावत बसली होती. तिला ते तत्क्षणी दिसलं. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भिंगरी तिच्यासमोरून पळत गेली. पळत. खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि बाहेर बघू लागली. "समोरच्या गच्चीवर मांजर आहे. तिची शेपटी अर्धी पांढरी आहे. ते काका दोरी बांधतायत, त्यांच्या मोज्याला भोक आहे! आई, बघ ना, भोक!" झाकण लावायच्या वेळी एवढं बोलणं तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं. त्या वेळात ती काटकसरीनं बोलायची, पाय जपून टाकावा तसा शब्द टाकायची. आता ती कट्ट्यावर गुडघे टेकून सगळा रस्ता वाचून दाखवत होती. दुकानाच्या पाट्यांचे रंग, सायकलच्या टोपलीतला पाव, आभाळात खूप वर एक विमान. आईनं बटण लावलं. दोरा तोडला. दुसरं बटण घट्टच होतं, ते उसवलं आणि पुन्हा लावलं. डॉक्टरनं बजावलं होतं, खंड पडू देऊ नका. नवरा बाहेरून आला, भिंगरीकडे बघून म्हणाला, "अगं, हिचं झाकण—" तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो बूट काढू लागला.

दिवे लागायच्या सुमाराला भिंगरी कट्ट्यावरून उतरून आईपुढे येऊन उभी राहिली. तिनं चष्मा काढला आणि झाकणाची कड हलकेच सोडवायला घेतली. गालावर चिकट वर्तुळ उठलं होतं. आतून डावा डोळा उघडला, उजेडानं मिचमिचला, आणि दोन्ही डोळे तिच्या तोंडावर येऊन स्थिरावले.

"आई, आज चुकीच्या डोळ्यावर होतं," भिंगरी म्हणाली.

"हो."

"तुला कळलं होतं?"

"तू बाहेर आलीस तेव्हाच."

भिंगरीनं जरा विचार केला. कपाळावर एक लहानशी आठी पडली. त्यात राग नव्हता, फक्त काहीतरी जुळत नव्हतं. "मग सांगितलं का नाहीस?"

तुला मजा येत होती म्हणून. तुझा तो डोळा दमला असेल म्हणून. एक दुपार, म्हटलं, तुला सगळं दिसू दे. हे सगळं खरं होतं आणि यातलं काहीच उत्तर नव्हतं. नवरा दारात उभा होता, हातात एक बूट घेऊन. मुलगी वाट बघत होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द वर्षभर तिच्या घशाशी होते, डॉक्टरपुढे, फोनवर, रोज सकाळी पट्टीचा कागद सोलताना. बाहेर आल्यावर ते अगदीच लहान निघाले. काय चुकलं, असं भिंगरी विचारेल आणि मग आपण पहिल्यापासून सांगू, असं तिला वाटलं. भिंगरीनं विचारलं नाही. गालावरचं चिकट नखानं खरवडत ती म्हणाली, "उद्या जास्त वेळ लावू. आणि मी परत लबाडी केली ना, तर सांगायचं."

"सांगेन," ती म्हणाली.

"लगेच."

"लगेच."